समोरचा कप

कँटोनीज घरात शेंडेफळाचे लाड आपल्यासारखेच होतात, पण रविवारच्या टेबलावर त्याच्या हातात किटलीही येते. हाँगकाँगमध्ये रविवारची सकाळ म्हणजे याम छा. म्हणायला चहा प्यायला जायचं, प्रत्यक्षात तीन पिढ्यांनी गोल टेबलाभोवती तास-दोन तास ठिय्या द्यायचा. बांबूच्या टोपल्यांतून वाफाळते हार गाउ (कोळंबीचे मोदक म्हणा), सिउ माय (डुकराच्या मांसाचे), छार सिउ बाउ (भाजलेलं डुकराचं मांस भरलेले पाव) येत राहतात. आजोबांच्या हातात घोड्यांच्या शर्यतीचं पान असतं. कुणाच्या भाचीचं लग्न कुठे अडलंय याची चौकशी चाललेली असते. या सगळ्या गदारोळात घरातलं सर्वांत लहान पोर, म्हणजे गरम किटली पेलण्याइतपत मोठं झालेलं सर्वांत लहान पोर, मध्येच उठतं, सगळ्यांचे कप भरतं आणि परत जागेवर बसतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. निदान चारचौघांत तरी नाही.

आम्ही हाँगकाँगच्या तुंग चुंग भागात राहायला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती आणि धाकट्याचा पत्ता नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना अख्खा मजला पोपो म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. पोपोंचं माहेर आणि सासर दोन्ही छाओचौकडचं, ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाचं. तिकडचे लोक चहाच्या बाबतीत उरलेल्या चीनला शिकाऊ समजतात. एका रविवारी पोपोंच्या लेकीने आम्हाला त्यांच्याबरोबर नेलं आणि मग ते होतच राहिलं. आम्ही शाकाहारी, त्यामुळे निम्म्याहून जास्त टोपल्या आमच्यासाठी बंदच. मुळ्याच्या वड्या दिसल्यावर हायसं वाटलं होतं, तर त्यांतही सोडे आणि सॉसेज. चहा तेवढा सगळ्यांचा.

बसल्या बसल्या वेटर पहिला प्रश्न विचारतो तो खाण्याचा नव्हे, चहाचा. पु-अर, साउ मेय, थित कुन याम की चमेली? मोठ्यांना विचारून कुणीतरी एक सांगतो. मग दोन किटल्या येतात, एकीत चहा, दुसरीत नुसतं उकळतं पाणी. पहिल्या ओतीने कप, वाट्या, चमचे आणि काड्या टेबलावरच एका मोठ्या वाडग्यात खळबळून घ्यायच्या. भांडी स्वच्छच असतात. कधीकाळी तितकीशी नसतील, त्या काळातली सवय मागे राहिली आणि आता तो मुलांचा आवडता खेळ झालाय. आमच्या पोरीला पोपोंनी पहिल्याच दिवशी हे काम दिलं. किटली नंतर आली.

ओतण्याचे नियम फार नाहीत, पण पक्के आहेत. आधी सर्वांत वयस्कर माणूस, मग वयाच्या उतरंडीने बाकीचे, स्वतःचा कप सर्वांत शेवटी. स्वतःला तहान लागली असली तरी आधी शेजारच्यांचे कप बघायचे. त्यामुळे या टेबलावर ज्याला तहान लागते तो आधी दुसऱ्याला पाजतो. किटलीची चोच कुणाकडे रोखून ठेवायची नाही. आणि कप काठोकाठ भरायचा नाही. दहातले सात भाग चहा आणि उरलेले तीन भाग माया, असं म्हणतात. दारूचा पेला भरून दिला तर मान, चहाचा कप भरून दिला तर अपमान. कारण अगदी व्यवहारातलं आहे. चिनी कपाला कान नसतो. काठोकाठ भरलेला गरम कप पाहुण्याने धरायचा कुठे?

माझी आई इथे आली तेव्हा तिला हे मुळीच पटलं नाही. तिच्या राज्यात चहा कपातून बशीत उतरल्याशिवाय पाहुणचार झाला असं होत नाही. ‘एवढासा? पाहुण्याला ऊठ म्हणतायत का?’ तिला माहीत नव्हतं, पण चहावरून ‘ऊठ’ म्हणायची रीतसर पद्धत चीनमध्ये होतीच. छिंग राजवटीतल्या अधिकाऱ्याकडे भेटायला गेलं की समोर चहा यायचा. बोलणं संपलं असं वाटलं की अधिकारी कप उचलायचा, तो बघून नोकर पाहुणे निघाल्याची वर्दी द्यायचा आणि पाहुण्याला उठावं लागायचं. ‘येतो हं’ म्हणून दारात पाऊण तास उभ्याने गप्पा मारणाऱ्या माझ्या काही नातेवाइकांच्या बाबतीत ही सोय मला फार हवीशी वाटते. पण ते असो. आईला मी हाँगकाँग पार्कमधल्या फ्लॅगस्टाफ हाउसला घेऊन गेले. १८४६ साली ब्रिटिश सेनापतीसाठी बांधलेल्या त्या पांढऱ्या बंगल्यात १९८४ पासून चहाच्या भांड्यांचं संग्रहालय आहे. कपाटांमागून कपाटं, शतकांमागून शतकं, आणि बहुतेक कप बिनकानाचे. आईने सगळं नीट बघितलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, ‘एवढ्या वर्षांत कुणाला कान सुचला नाही?’

तर कप भरला जात असतो तेव्हा ज्याचा कप आहे तो बोलणं थांबवत नाही. तर्जनी आणि मधलं बोट जरासं वाकवून टेबलावर दोन-तीनदा टकटक करतो. एवढ्यात आभार मानून होतात. गप्पा तुटत नाहीत, तोंडात घास असला तरी अडत नाही. यामागची गोष्ट इथल्या पोरासोरांनाही माहीत असते. सम्राट छियानलोंग वेष पालटून दक्षिणेत फिरत होता. एका चहाघरात त्याने आपणच किटली उचलली आणि बरोबरच्या सेवकांना चहा ओतला. सम्राटाच्या हातचा चहा! एरवी सेवकांनी जमिनीवर डोकं टेकवलं असतं, पण तसं करावं तर धन्याचं बिंग फुटणार. त्यातल्या एकाला युक्ती सुचली. त्याने दोन बोटं दुमडून टेबलावर टेकवली, गुडघे टेकावेत तशी.

इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. छियानलोंगने १७५१ ते १७८४ या काळात दक्षिणेचे सहा दौरे केले हे खरं, पण ते दौरे म्हणजे हजारोंचा लवाजमा, नावांचे ताफे, गावोगावी स्वागताच्या कमानी. गुपचूप जाऊन चहा पिण्याइतकी मोकळीक त्याला कुठून मिळणार? तरी मला या गोष्टीतली दिशा आवडते. चहा वरून खाली आला आहे, आणि ज्याने तो घेतला त्याने भर गर्दीत, कुणाला कळू न देता त्याची पोच दिली आहे.

खरी मजा उलट दिशेने आहे, आणि ती लक्षात यायला मला काही रविवार जावे लागले. आमची पोरगी दोन्ही हातांत किटली धरून टेबलाभोवती फिरत होती. पोपोंचे यजमान ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, डोळे शर्यतीच्या पानात. तिने त्यांचा कप भरला. पानावरून नजर न उचलता त्यांची दोन बोटं टेबलावर वाजली, टक टक. ही पोच सहा वर्षांच्या पोरीला होती. पुढच्या खुर्चीवर पोपो, त्यांचीही टकटक. मग लेक, जावई, जावयाचा भाऊ. पोरगी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे जात होती आणि तिच्यामागे टेबल वाजत होतं.

चहातले काही जाणकार यातही उतरंड लावून देतात. वडीलधाऱ्याने ओतला तर पाचही बोटं मिटून, बरोबरीच्याने ओतला तर दोन बोटं, लहानाने ओतला तर नुसतं एक. रविवारच्या टेबलावर इतकं मोजत कुणी बसत नाही. पण त्या उतरंडीतही शेवटची पायरी एका बोटाची आहे, शून्याची नाही. लहानाने केलेलं काम गृहीत धरायची मुभा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही नाही.

आपल्या घरांत हे जड जातं. घरच्या माणसाचे आभार मानले की तो लगेच दुखावतो. ‘थँक्यू काय म्हणतेस, मी काय परकी आहे?’ हे मी माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ऐकलंय, आणि त्यामागचं प्रेमही मला कळतं. फक्त त्याचा एक परिणाम असा होतो की पाण्याचा तांब्या आणून देणाऱ्या पोराला काहीच पोच मिळत नाही. आणला तर काही नाही, सांडला तर बोलणी. टकटकीने ही कोंडी फुटते. शब्दच नाही म्हणून परकेपणा नाही, आणि तरी ज्याने केलं त्याला कळतं की समोरच्याने पाहिलं.

उतरंडीचं मात्र मला नेहमीच सोसत नाही. इथल्या मुलांना अगदी लहानपणापासून ‘माणसांना हाक मारायला’ शिकवतात. घरात शिरल्यावर प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच्या नात्याने हाक मारायची, एकही सुटता कामा नये. जेवायला बसल्यावर पुन्हा तेच. ‘ये-ये (म्हणजे आजोबा), जेवा. मा-मा (म्हणजे आजी), जेवा. थोरले काका, जेवा.’ माणसं जास्त असली की सूप निवून जातं. आईच्या बाजूचे आणि वडिलांच्या बाजूचे, थोरले आणि धाकटे, सगळ्यांची नाती वेगळी, आणि चुकलं तर टेबलभर हशा. वाढून होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही, ही शिस्त आपणही पंगतीत शिकलो. पण हाका मारताना घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या पोरांचे चेहरे बघितले की मला आपल्याकडची हजेरी आठवते. पाहुणे आले की ‘काकांना नमस्कार कर, पूर्ण नाव सांग, कविता म्हणून दाखव.’ पोर पडद्याआड गेलं की ‘हा जरा लाजाळू आहे’ हे वर. अशा वेळी आपण मुलाला पाहुण्यांची ओळख करून देत नसतो, पाहुण्यांना आपल्या संगोपनाचा नमुना दाखवत असतो.

चीनमध्ये या प्रकाराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट नाशपातीची आहे. कोंग रोंग नावाच्या चार वर्षांच्या मुलासमोर नाशपाती ठेवल्या, तर त्याने सर्वांत छोटी उचलली. का, तर मी लहान, मोठ्या नाशपाती दादांना. तीन-तीन अक्षरांच्या ओळींत गुंफलेल्या मुलांच्या एका जुन्या पाठात ही गोष्ट आहे आणि मुलं शतकानुशतकं ती घोकत आली आहेत. २०१२ साली शांघायच्या एका प्राथमिक शाळेत परीक्षेला प्रश्न आला: तू कोंग रोंगच्या जागी असतास तर काय केलं असतंस? एका मुलाने लिहिलं, मी नाशपाती दिली नसती. बाईंनी लाल फुली मारली. वडिलांनी तो पेपर वेइबो या चिनी समाजमाध्यमावर टाकला आणि देशभर वाद पेटला. मुलगा प्रामाणिक आहे की आपमतलबी, शाळा संस्कार करतेय की खोटं बोलायला शिकवतेय, यावर लोक हिरिरीने भांडले.

मी त्या मुलाच्या बाजूची. ‘तू काय करशील’ असं विचारायचं आणि उत्तर आधीच ठरवून ठेवायचं, हा प्रश्नच बेअदबीचा आहे. आणि कोंग रोंगची पुढची हकिगत तरी काय सांगते? तो मोठा झाला, दरबारी झाला, जिभेने तिखट निघाला आणि २०८ साली दरबाराची सत्ता हाती असलेल्या त्साओ त्साओने त्याला कुटुंबासकट मारून टाकलं. त्याच्यावर जे आरोप ठेवले त्यांत एक असा होता की हा आईबापांबद्दल अनादराचं बोलतो. सौजन्याचा आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवलेल्या माणसावरच असौजन्याचा ठपका. मुलांना ही गोष्ट सांगताना ती नाशपातीवरच थांबवतात, हे एका अर्थी बरंच आहे.

सरकारी दूरचित्रवाणीवरची एक जाहिरात चीनमध्ये कुणालाही विचारा, आठवते. दिवसभर राबून आलेली बाई आपल्या म्हाताऱ्या आईचे पाय धुते आहे. तिचा लहानगा दाराआडून बघतो. थोड्या वेळाने पाण्याची परात हिंदकळत, सांडत तो येतो, ‘आई, पाय धू.’ जाहिरात नेमकी होती. मग शाळांनी तिचा गृहपाठ केला. आईचे पाय धुऊन या, त्यावर निबंध लिहा. कुठे कुठे मैदानात रांगा लावून शेकडो मुलांनी शेकडो आयांचे पाय धुतले, फोटो निघाले. आपल्याकडच्या शाळांतही पाद्यपूजनाचे असे सोहळे होतात, तिथेही फोटो निघतातच. जाहिरातीतल्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं, हीच तर तिच्यातली गोष्ट होती. ती तेवढी वगळून बाकी सगळं उचललं गेलं.

किटलीला गुण मिळत नाहीत, म्हणून मला ती या सगळ्यापेक्षा बरी वाटते. हातात किटली असली की पोराला टेबलभर बघावं लागतं. कुणाचा कप रिकामा झाला, कुणाचा भरलेलाच आहे म्हणजे त्याला आता नको, कुणाचा तसाच राहून गार झालाय, कुणी कपावर आडवा हात धरलाय. एरवी दहा मिनिटं स्वस्थ न बसणारी माझी मुलगी या कामात अर्धा अर्धा तास गुंगलेली मी पाहिली आहे. तिला आम्ही ‘मोठ्यांचा मान ठेव’ म्हणून सांगून दमलो होतो. म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला त्या वाक्यातून कळत नव्हतं, आणि खरं तर आम्हालाही सांगता आलं नसतं. समोरचा कप बघ, एवढं मात्र कळतं.

किटली रिकामी झाली की वेटरला हाका मारायच्या नाहीत. झाकण काढून तिरकं टेकवून ठेवायचं, तो येता-जाता बघतो आणि गरम पाणी भरतो. यालाही एक गोष्ट आहे आणि ती आमच्या धाकट्याची सर्वांत आवडती. एका टग्याने झाकणाच्या कपात चिमणीएवढा पक्षी दडवून ठेवला. वेटरने पाणी घालायला झाकण उघडलं, पक्षी भुर्रकन उडाला आणि हा भांडायला उभा: माझा मोलाचा पक्षी गेला, भरपाई द्या. तेव्हापासून चहाघरवाल्यांनी ठरवलं, झाकण गिऱ्हाइकाने स्वतः उघडल्याशिवाय आपण हात लावायचा नाही. खरी की खोटी कोण जाणे, पण धाकटा अजूनही झाकण उचलताना तोंड जवळ नेऊन आधी आत बघतो.

त्याची ताई प्रश्न फार विचारते. हे असं का, ते तसं का, कपाला दोन्ही हात का लावायचे, पोपोंच्या लेकीने नाही लावले ते चालतं का. मला कधी कधी कानकोंडं होतं. पण पोपोंनी तिला कधी गप्प केलं नाही. कन्फ्युशियसबद्दल असं सांगतात की तो राज्याच्या मोठ्या मंदिरात गेला आणि तिथल्या प्रत्येक विधीबद्दल विचारत सुटला. लोक हसले, याला म्हणे रीतिरिवाज कळतात! तो म्हणाला, विचारणं हीच रीत आहे. अडीच हजार वर्षं त्याच्या नावावर इतकी दटावणी खपवली गेली, त्या मानाने हे वाक्य मुलांच्या वाट्याला कमीच आलं.

चहाघरातला चहा पोपोंच्या लेखी चहाच नव्हे. तो गर्दीचा. खरा चहा घरी, दुपारी. मुठीत मावेल अशी तांबड्या मातीची चहादाणी, खाली पाणी झिरपून जाईल असं जाळीचं तबक, आणि अर्ध्या लिंबाच्या सालाएवढे तीन कप. पत्ती छाओचौजवळच्या फिनिक्स डोंगरावरची. ती चहादाणीत दाबून भरायची, उकळतं पाणी उंचावरून सोडायचं आणि ते पहिलं पाणी फेकून द्यायचं. ते पायाचा घाम, असं त्यांच्याकडे म्हणतात, कारण पत्ती पायांनी तुडवलेली असणार. पाहुण्याला ते पाजणं म्हणजे उघड अपमान. मग तिन्ही कप एकमेकांना चिकटवून त्यांच्यावरून चहादाणी गोल गोल फिरवत ओतायचं, म्हणजे एकात फिका आणि एकात कडक असा दुजाभाव होत नाही. याला म्हणतात सेनापती ग्वान गोंगची नगरफेरी. शेवटचे थेंब सर्वांत कडक, तेही थेंब थेंब सगळ्यांत सारखे वाटायचे, ती हान शिनची सैनिकांची मोजणी. युद्धातले दोन नामांकित सरदार आणून इथे कशाला बसवलेत, तर कुणाच्या कपात चहा कमी पडू नये म्हणून.

माणसं कितीही असोत, कप तीनच. पाच जण असले तर दोघांनी थांबायचं, कप उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा भरेपर्यंत. ओतणारा सर्वांत शेवटी पितो. मध्येच नवा पाहुणा आला तर आधीची पत्ती टाकून नवी घालायची, त्याला उरलासुरला चहा द्यायचा नाही. माझ्या मुलीने न राहवून विचारलंच, पोपो आणखी कप का घेत नाहीत? लेकीने भाषांतर केलं. पोपो म्हणाल्या, तीनच असले की ‘आधी तू घे’ म्हणावं लागतं. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनमधली चहाची कौशल्यं आणि त्याभोवतीच्या रीतींना आपल्या वारसा यादीत जागा दिली. त्यात छाओचौचा हा चहाही आहे. हे मी मोठ्या उत्साहाने पोपोंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, मग आता कप धुवायला कोणी येणार आहे का?

मुलांची भांडणं मिटवायलाही पोपो चहाच वापरतात. कँटोनीज लोकांत चूक कबूल करायची तर चहा ओतून समोर धरायचा, समोरच्याने घोट घेतला की विषय संपला. घरातली भांडणं अशी मिटतात, आणि गुंडांच्या टोळ्यांतलीही मिटतात असं सिनेमात दाखवतात. आमच्याकडे ताईने धाकट्याचा लेगोचा किल्ला मोडला तेव्हा दोघांना समोरासमोर बसवून मी ‘सॉरी म्हण, सॉरी म्हण’ चालवलं होतं. ती ओठ घट्ट मिटून बसली. पोपोंच्या घरी त्याच पोरीने दोन मिनिटांत कप भरून दोन्ही हातांनी भावापुढे धरला. बोलावं लागलं नाही, मान खाली घालून हरावंही लागलं नाही. धाकट्याने मात्र घोट घ्यायला मुद्दाम वेळ लावला. हा अधिकार त्याला फार आवडला.

मागच्या वर्षी पोपोंच्या नातवाचं लग्न झालं. नवरा-नवरीने उशीवर गुडघे टेकले आणि लाल खजूर व कमळाच्या बिया घातलेला गोड चहा एकेकापुढे धरला. आधी आजी-आजोबा, मग आईवडील, मग थोरले काका-काकू, याच क्रमाने. ज्याच्यापुढे कप जाईल त्याने घोट घ्यायचा आणि पैशांचं लाल पाकीट किंवा सोन्याचा डाग द्यायचा. सासू-सासऱ्यांना ‘आई’, ‘बाबा’ अशी पहिली हाक या कपाबरोबर मारायची. माझ्या लग्नात असा ठरलेला क्षण असता तर बरं झालं असतं. मला ‘आई म्हण गं’ हे दुसऱ्याच दिवशी सांगितलं गेलं आणि जीभ वळायला बरेच महिने गेले. तेवढे महिने मी ‘अहो’ आणि ‘ऐकलं का’ वर काढले. लग्नात चहाच का, तर चहाचं झाड बीपासून जिथे उगवलं तिथेच राहतं, उपटून दुसरीकडे लावलं तर मरतं, अशी जुनी समजूत. म्हणून तो निष्ठेचा दाखला. तो दाखला नेहमी नवरीकडे बघूनच दिला जातो, हेही मी पाहिलं. घर सोडून दुसरीकडे लावली जाते ती तीच, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसलं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सांगलीला गेलो. तिथे किटली नाही. चहा पातेल्यात उकळतो, गाळणीतून कपात पडतो, आणि कप कानांसकट व बशांसकट काठोकाठ भरलेले असतात. मुलीने स्वतःहून ट्रे उचलला. सासरे झोपाळ्यावर पेपर वाचत होते, त्यांनी हात पुढे केला, कप घेतला, बशीत ओतला. ही तिथेच उभी.

‘काय गं?’

‘आजोबा, बोटं.’

तिने सगळं समजावून सांगितलं, छियानलोंगसकट. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हणजे मी काय तबलजी आहे?’ पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला तसा त्यांनी पेपर मांडीवर ठेवला आणि झोपाळ्याच्या फळीवर चांगला केरवा धरला, तिहाईसकट. पोरं खिदळायला लागली. मग तो रोजचा कार्यक्रम झाला. शेजारचे लेले आजोबाही एकदा चहाच्या वेळेला बरोबर येऊन बसले आणि त्यांनी ताल चुकतोय म्हणून शेरा मारला.

चौथ्या की पाचव्या सकाळी आतून सासूबाईंचा आवाज आला. ‘आणून देणारीला तबला. आणि करणारीला काय?’

झोपाळा थांबला. सासऱ्यांनी बशीतला घोट घेतला, जरा विचार केला.

‘आज साखर कमी आहे,’ ते म्हणाले.